सतरा, सतरा आणि पुन्हा सतरा

इंदू,

तुला जाऊन आज चोवीस दिवस झाले आणि मागच्या व्हरांड्यातली वाळू मी अजून झाडलेली नाही. हे ऐकून तू हसली असतीस. जी बाई व्हरांडा झाडून झाल्याशिवाय सकाळचा चहा घेत नव्हती, तिच्या फरशीवर आता वाळूचे पट्टे पडलेत आणि ती त्यांच्यावरून अनवाणी चालते आहे.

सुरेखा रोज कामाला आली की झाडू हातात घेऊन विचारते, "काकू, आज तरी काढू का?" मी म्हणते, "राहू दे." ती वळसंग गावची, मनात येईल ते बोलून मोकळी होणारी. काल म्हणाली, "आत्या होत्या तवा दिसातनं दोनदा झाडायला लावत होता की. आता त्या न्हाईत, तर वाळू जपून ठेवताय. कसलं म्हणायचं हे?" म्हणून लिहायला बसले.

हे मी ऋचाला आणि निखिललाही पाठवणार आहे. एक नात टोरांटोत, एक नातू मेलबर्नला, आणि दोघांच्या तोंडी तुझं नाव एकच, वाळूआजी. त्यांच्या आजोबांची धाकटी बहीण राजस्थानात वाळूच्या टेकड्यांवर झुडपं मोजायची, एवढं त्यांना माहीत आहे. तुझ्या अकरा वह्यांवरून आपल्या दोघींत काय झालं, ते त्यांना कुणी सांगितलेलं नाही. मी तर नाहीच नाही.

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा तू कॉलेजात होतीस. आपल्यात एका वर्षाचं अंतर, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात अगंतुगं सुरू झालं. चिडले की मात्र मी तुला 'वन्सं' म्हणायचे, आणि तू नसलेला पदर खांद्यावर ओढल्यासारखं करून म्हणायचीस, "बोला, वहिनीसाहेब." पुढे मी शाळेत इंग्रजी शिकवायला लागले आणि तू नोकरी धरून राजस्थानात गेलीस. सासूबाई म्हणाल्या, दोन वर्षांत कंटाळून परत येईल. तू एकतीस वर्षांनी आलीस.

तिथून आलेलं तुझं पहिलं पत्र मला अजून पाठ आहे. 'इथे झाडांना पानं नाहीत, वाटांना खुणा नाहीत, आणि मला फार बरं वाटतंय.' मी उलट टपाली लिहिलं की थंडीचा स्वेटर घालत जा आणि आता स्थिरस्थावर होण्याचं बघ. पुढची सगळी वर्षं आपली पत्रं अशीच चालली. तू वाळूबद्दल लिहायचीस, मी स्थिरस्थावर होण्याबद्दल.

तुझं झुडूप म्हणजे फोग. पानं जवळजवळ नाहीतच, नुसत्या हिरव्या काड्या. कुणीतरी खराटा उलटा रोवून ठेवलाय असं दिसतं, असं मी एकदा म्हणाले आणि तू दिवसभर फुरंगटून बसलीस. पण त्या खराट्याची हुशारी तू पत्रांतून मला इतकी शिकवलीस की मी शाळेतल्या मुलींनाही सांगायचे. वारा वाळू आणून त्याच्या अंगावर टाकतो. दुसरं झाड गुदमरून मेलं असतं. फोगाची गाडली गेलेली फांदी आतल्या आत मुळं धरते आणि शेंडा वर काढते. पुन्हा वाळू येते, पुन्हा शेंडा वर. असं होता होता झुडपाखाली वाळूचा उंचवटा तयार होतो आणि झुडूप त्यावर ऐटीत बसलेलं असतं. काही मुळं वरच्यावर आडवी लांब पळतात आणि भलत्याच जागी कोंब काढतात. अशी झुडपं पसरत गेली की चालती टेकडी हळूहळू थांबते.

'आणि मग गंमत होते,' तू लिहिलं होतंस. 'वाळू थांबली की तिच्यावर पापुद्रा धरतो. गवत येतं. पावसाचं पाणी वरच्यावर गवतच पिऊन टाकतं, खाली पोचत नाही. फोगाला नवीन कोंब फुटेनासे होतात. बी पडतं पण रुजत नाही. जुनी झुडपं मधून पोकळ होत जातात. ज्यानं टेकडी थांबवली, त्यालाच तिथं करमत नाही.'

मी उत्तर पाठवलं, 'त्यात वाईट काय? त्याचं काम झालं. आता त्यानं विश्रांती घ्यावी.'

तुझं पोस्टकार्ड आलं. त्यावर एकच ओळ होती. 'वहिनी, ती विश्रांती नाही, ते म्हातारपण आहे.'

हा वाद आपण शेवटपर्यंत घातला. मी म्हणायचे की एका जागी नीट बसल्याशिवाय कुणाचं भलं होत नाही. तू म्हणायचीस की वाळू सगळीच्या सगळी थांबू नये, थोडी हलती राहावी. तुझा दादा पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचा, "दोघींचं बरोबर आहे, चहा टाका."

तो गेला, आणि त्याच सुमारास तुझे गुडघेही गेले. तू सोलापूरला आलीस ती एक ट्रंक, ओल्या गोणपाटात गुंडाळलेली फोगाची फांदी आणि अकरा वह्या घेऊन. मी दारातच सांगितलं, "आता इथून हलायचं नाही." तू हो म्हणालीस. लगेच हो म्हणालीस, याचं मला तेव्हा बरं वाटलं होतं.

शेजारच्या बांधकामाची उरलेली वाळू तू मागच्या अंगणात ओतून घेतलीस आणि त्या ढिगात ती फांदी खोचलीस. आपली सोलापूरची काळी माती त्याला मानवणार नाही, असं तुझं म्हणणं. वाळू वाऱ्यानं व्हरांड्यात यायला लागली तशी मी ढिगाभोवती विटांची कड लावून घेतली, चांगली सरळ ओळीत. दुसऱ्या दिवशी पश्चिमेच्या दोन विटा बाजूला पडलेल्या. मी त्या परत लावल्या. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मला वाटायचं मांजर पाडतं. परवा सुरेखानं सांगितलं, "मांजर कुटलं काकू, आत्या पायानं सरकवायच्या. तुमी लावायचा, त्या काढायच्या. मला म्हणायच्या, वहिनीला सांगू नकोस, तिला लई बरं वाटतं इटा लावल्यावर."

इंदू, हे तू मला सांगितलं असतंस तर मी चिडले असते. तरीही सांगायला हवं होतंस.

आता वह्या. त्यांचा कणा उघडला की बारीक वाळू गळायची. घामानं शाई फुटलेली, अक्षर तुझं, म्हणजे न बोललेलंच बरं. एका टेकडीवरचं एकेक झुडूप, त्याला दिलेला नंबर, उंची, घेर, आणि शेरा. दरवर्षी तीच टेकडी, तीच झुडपं. मी आयुष्यभर मुलींच्या वह्या तपासलेली बाई. माझ्यानं ते बघवेना. तू डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्याला भाचीकडे गेलीस त्या दीड महिन्यात मी सगळ्याची फेअर कॉपी करायची ठरवलं. तुला परत आल्यावर आश्चर्याचा धक्का द्यायचा होता.

लाल शाईचा समास आखला, पट्टीनं रकाने पाडले. पहिल्याच वहीत दिसलं की एकाच वर्षाच्या नोंदीत तू सतरा नंबर तीनदा लिहिला आहेस. सतरा, सतरा आणि पुन्हा सतरा. उंची वेगळी, घेर वेगळा, शेरा वेगळा. मला वाटलं, उन्हात उभं राहून लिहिताना मोजण्यात चूक झाली. मी सतरा, अठरा, एकोणीस केलं आणि पुढचे नंबर ओळीनं सरकवले. पुढे असं कित्येकदा आलं. मी प्रत्येक वेळी दुरुस्त केलं. अकराव्या वहीपर्यंत कुठल्याही वर्षाच्या नोंदीत एकही नंबर दोनदा नव्हता. आणि मूळ वह्यांना कसर लागली होती, त्यांची वाळू कपाटभर होत होती, म्हणून त्या मी रद्दीत दिल्या.

तू आलीस. नवीन चष्म्यातून ते रजिस्टर बघून आधी माझ्या अक्षराचं कौतुक केलंस. मग पान उलटताना थांबलीस.

"वहिनी, ही अठरा कोण?"

"तू सतरा तीनदा लिहिलं होतंस. मी नीट केलं."

"ती तीन झुडपं नाहीत गं. ते एकच झाड आहे. वाळूखालून गेलेलं. वर तीन ठिकाणी निघालंय." मग हळूच विचारलंस, "जुन्या वह्या कुठे आहेत?"

मी सांगितलं. तू ओरडली असतीस तर मला सोपं गेलं असतं. तू उठून अंगणात गेलीस आणि त्या वाळूच्या ढिगावर जाऊन बसलीस, दुखऱ्या गुडघ्यांनी, भर दुपारी. मी मागे आले आणि जे बोलले ते आज इथे लिहिते आहे, कारण ते लिहायचंच आहे. मी म्हणाले, "तू मला कधी सांगितलंच नाहीस. मला कसं कळणार?"

तू थोडा वेळ विचार केलास आणि म्हणालीस, "हो, खरं आहे. सांगायला हवं होतं."

नंतर अकरा दिवस तू माझ्याशी कामापुरतं बोललीस. मी दोन्ही वेळेला दारात उभी राहून म्हणायचे, "वन्सं, जेवायला चला." तू यायचीस, जेवायचीस, ताट उचलायचीस. बाराव्या दिवशी ताकात कालवलेली फोगाची सुकी फुलं, तुझी तिकडची कोशिंबीर, वाटीत काढून शेंगाचटणीशेजारी ठेवलीस आणि म्हणालीस, "दुपारी रजिस्टर आण. शेरे आहेत ना तुझ्या कॉपीत? शेऱ्यांवरून ओळखते मी एकेकीला."

त्या दुपारी माझ्या आयुष्यातल्या फार चांगल्या दुपारी होत्या, इंदू. हेही मी तुला सांगितलं नाही. तू आरामखुर्चीत डोळे मिटून बसायचीस, मी वाचायचे.

"अठरा."

"शेरा काय आहे?"

"पायथ्याशी उंदरांची बिळं, तीन. पश्चिमेचा उतार."

"सतरा आहे ती. पुढे."

"एकोणीस. शेंडे उंटानं खाल्लेले."

"तीही सतराच. फार हावरट उंट होता तो."

"उंट आठवतो तुला?"

"उंटाचा मालक त्याहून हावरट होता, म्हणून आठवतो. पुढे."

"वीस. एकटी, वीतभर. भोवती काही नाही."

तू डोळे उघडलेस. "ही खरी अठरा. बीपासून आलेली. त्या टेकडीवर बीपासून आलेलं बाळ दिसणं म्हणजे काय, वहिनी! केसाळ गोळ्यासारखं फळ वाऱ्यानं गडगडत येतं, कुठेतरी अडतं, वर बेताची वाळू पडावी लागते, लागोपाठ दोन पाऊस यावे लागतात. त्या दिवशी मी गूळ वाटला होता ढाणीत, वस्तीतल्या घरोघरी."

मी पेन्सिलीनं खोडून पुन्हा सतरा, सतरा, सतरा लिहायचे. माझ्या सरळ ओळी काळ्या झाल्या. तू डोळे मिटून ती सगळी टेकडी चालत होतीस, तेही कुठे न दुखता.

आणि अशाच एका दुपारी मला ते आठवलं. आमचा रवी सात वर्षांचा असताना आम्ही तिघं हिवाळ्यात तुझ्याकडे आलो होतो. तू आम्हाला टेकडीवर नेलंस. एका झुडपापाशी थांबून म्हणालीस, "वहिनी, हे सतरा." वीसएक पावलं चाललो. "आणि हेही सतरा. विचार, कसं?" मी विचारलं नाही. मी खाली बसून रवीच्या बुटातली वाळू काढत होते. तू गुडघ्यांवर बसून हातानं वाळू उकरलीस आणि दोरखंडासारखं मूळ वर उचलून दाखवलंस. "खोदून पाहिल्याशिवाय कुणाला वेगळं म्हणायचं नाही," असं रवीला म्हणालीस. मी त्याचा दुसरा बूट काढत होते.

म्हणजे तू सांगितलं होतंस. दाखवलंही होतंस. मला ते आठवलं तेव्हा तू समोरच्या खुर्चीत होतीस, डोळे मिटून, माझ्या पुढच्या आकड्याची वाट बघत. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "सेहेचाळीस." तू तुझी नसलेली चूक पदरात घेतली होतीस आणि मी ती तुझ्या पदरात तशीच राहू दिली. रोज ठरवायचे, उद्या सांगू.

मागच्या हिवाळ्यात तुला एकदा तिकडे जाऊन यायचं होतं. मी तुझे गुडघे दाखवले, डॉक्टरांचा कागद दाखवला, रवीकरवी फोन करवला. तू म्हणालीस, "बरं." तेव्हापासून तुझं चालणंही कमी झालं. मी काय केलं ते मला कळतंय. गवतासारखी वरच्यावर पसरले मी.

आठवी वही संपली त्या दुपारी तू खुशीत होतीस. "उद्या नववी. नवव्या वहीत माझं लाडकं झुडूप आहे. ओळखतेस का बघू." दुसऱ्या दिवशी सकाळी तू उठली नाहीस.

तेराव्यानंतर मेघनाचा फोन आला. तुझ्या एका जुन्या सहकाऱ्याची ही विद्यार्थिनी. यंदाच्या हिवाळ्यात ती त्याच टेकडीवर जाणार आहे. तुझी झुडपं शोधणार, किती टिकली, किती नवीन आली ते तुझ्या नोंदींशी ताडून बघणार. गोड बोलते. म्हणाली, "आजी, रजिस्टर तुमच्या सुंदर अक्षरात आहे असं कळलं. नंबर ओळीनं आहेत ना? मग माझं काम फारच सोपं होईल."

आठ वह्या बरोबर आहेत. शेवटच्या तीन अजून माझ्या आहेत, म्हणजे खोट्या आहेत. आणि नेमक्या त्याच तीन वह्या टेकडी थांबल्यानंतरच्या वर्षांच्या. तशाच पाठवल्या तर कुणालाही कधीही कळणार नाही. मेघना माझे आकडे मोजेल, एकाच झाडाचे शेंडे वेगळी झाडं म्हणून धरेल आणि तिला दिसेल की वाळू थांबल्यावरही तिथे भराभर नवीन झाडं येत होती, सगळं छान चाललं होतं. म्हणजे आपला तो जन्मभराचा वाद मी जिंकले असं होईल. आणि तू एकतीस वर्षं उन्हात उभी राहून जे पाहिलंस, ते माझ्या लाल समासाच्या आत पुसलं जाईल.

मी दोन दिवस बसून प्रयत्न केला, तुझ्यासारखे डोळे मिटून. 'मुंग्यांचं वारूळ, उत्तरेला.' 'मधून पोकळ.' 'सुगरणीचा जुना खोपा.' माझ्या डोळ्यांपुढे कुठलीच टेकडी आली नाही, फक्त बूट आला. पेन्सिलीनं अंदाजानं काही नंबर घातले, मग ते सगळे पुसले. माझा अंदाज म्हणजे पुन्हा माझाच नीटनेटकेपणा. नववी वही चारदा वाचली. तुझं लाडकं झुडूप कोणतं, ते मला ओळखता आलं नाही.

शेवटी मी नंबरांचा रकाना कोरा सोडला. तीन वह्यांची पानं, उंची आहे, घेर आहे, शेरा आहे, नंबराच्या जागी काही नाही. माझ्या हातून निघालेलं इतकं अपुरं पान कुणी पाहिलं नसेल. सोबत मेघनाला पत्र लिहिलं. मूळ वह्या मी रद्दीत दिल्या, नंबर मी बदलले, आणि इंदूनं मला हे सगळं पूर्वीच टेकडीवर उकरून दाखवलं होतं, माझं लक्ष नव्हतं, हे तिन्ही स्पष्ट लिहिलं. खाली लिहिलं, 'शेऱ्यांवरून जागा सापडेल. तिथे गेल्यावर खोदून पाहा आणि मगच नंबर घाला.'

रवीनं ते पत्र वाचलं. म्हणाला, "आई, एवढं सगळं लिहायची गरज आहे का?" मी म्हटलं, "आहे." मग म्हणाला, "मला आठवतंय ते मूळ. आत्यानं माझ्या हातात दिलं होतं. गार होतं."

काल पाकीट कुरिअरनं गेलं.

आज सकाळी मी अंगणात गेले आणि पश्चिमेच्या दोन विटा पायानं सरकवल्या. हातानं काढता आल्या असत्या. मग बाकीच्याही काढल्या. शेवटची वीट उचलली तर तिच्या पलीकडे, ढिगाच्या बाहेर, फरशीच्या फटीत साठलेल्या वाळूत एक बोटभर हिरवी काडी. मूळ झुडपापासून चांगली दोन हातांवर.

सुरेखा वाकून बघत म्हणाली, "अगंबाई! दुसरं आलं की हितं!"

तुझ्या ट्रंकेत नंबराच्या पत्र्याच्या पट्ट्या आणि तार अजून आहे. ढिगातल्या झुडपाला तू स्वतः पट्टी बांधली होतीस, 'एक' म्हणून. मी चष्मा लावला, नवी पट्टी काढली, खिळ्यानं 'दोन' कोरायला घेतलं. सवयच तशी. मग खिळा खाली ठेवला आणि स्वयंपाकघरातून उलथनं आणलं.

मला खाली बसायला वेळ लागतो आता. सुरेखानं हात धरून बसवलं. "काकू, काय शोधताय?" म्हणाली. मी काडीपासून मागे मागे वाळू सारत गेले. विटेची ओळ होती तिथवर आले. बोटभर खाली, विटेच्या खालून सरळ पलीकडे गेलेलं मूळ, सुतळीएवढं, गार.

मी पट्टीवर 'एक' कोरलं आणि बांधून टाकली.